डाग कोणाचा?

आपल्या स्वयंपाकघरांतील तांब्यापितळेचीं भांडीं मागें पडून त्यांच्या जागीं स्टेनलेस स्टीलचीं भांडीं आलीं, त्याला कित्येक वर्षें लोटलीं. चिंच लावून घासणें नको, कल्हईवाल्याची वाट पाहणें नको, ही सोय लहान नव्हे. परंतु ‘स्टेनलेस’ या नांवामुळें आपला असा समज झाला आहे कीं, या भांड्यांवर डाग पडतच नाहींत. आणि पडलाच, तर तो घासणाऱ्याच्या आळसानें पडला! हा समज भांड्यांवर व भांडीं घासणाऱ्या हातांवर सारखाच अन्याय करणारा आहे, असें माझें मत आहे.

इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळीकरितां टिकाऊ पोलाद शोधीत होता. १९१३ सालीं त्यानें सुमारें १२.८ टक्के क्रोमियम असलेलें पोलाद तयार केलें. त्याचा उपयोग बंदुकीपेक्षां सुऱ्या-कांट्यांसच अधिक झाला. क्रोमियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो. ओरखडा उठला तरी तो आपोआप भरून येतो. भांड्याचें सारें रक्षण तोच करितो; आणि त्याचा मोठा शत्रु म्हणजे मीठ.

मागील उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या नव्या पातेल्याच्या तळाशीं टांचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. भांडीं घासणाऱ्या बाईंना बोलणीं खावीं लागलीं. पुढें ध्यानांत आलें कीं, गार पाण्यांत मूठभर मीठ टाकून, तें न ढवळतां पातेलें शेगडीवर ठेवणारा मीच होतों! पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळलें असतें, तर हें टळतें. मीं बाईंची क्षमा मागितली. खड्डे मात्र आजहि तसेच आहेत.

इतर डागांस उपाय आहेत. जड पाण्याचे पांढरे डाग व फार तापल्यानें उमटणारी इंद्रधनुष्यासारखी झांक लिंबाच्या रसानें किंवा व्हिनेगरनें जाते. करपलेल्या पातेल्यांत पाणी व चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळावें, म्हणजे थर सुटतो. लोखंडी तारेची घासणी वापरूं नये. तिचे कण भांड्यांत रुतून गंजतात व तांबूस डाग पडतात. काथ्या किंवा मऊ घासणी पुरे. शेवटीं भांडें कोरड्या फडक्यानें पुसावें.

कोणी म्हणेल, ‘याचसाठीं तर आम्ही बाईंना पगार देतों.’ पगार घासण्याचा असतो, आपल्या निष्काळजीपणाचा भार वाहण्याचा नव्हे. आणि ज्या घरीं आईच भांडीं घासते, तेथें तर पगारहि नसतो! लोणच्याचें खरकटें ताट रात्रभर तसेंच ठेवणारे आपणच असतों.

विद्यार्थिमित्रहो, मुलगा असो वा मुलगी, आज जेवून उठतांना आपलें ताट आपणच विसळून ठेवा. उद्यां त्यावर डाग दिसणार नाहीं, आणि दोष देण्यास कोणी शोधावेंहि लागणार नाहीं.