मूतखडा सांगतो, झोप लपवतो

परवा पोलादपूरहून महाडला येताना एसटीत एका काकांनी आपला मूतखडा किती मिलिमीटरचा आहे, हे कंडक्टरसकट अख्ख्या गाडीला सांगितलं. लगेच मागून कुळथाचं कढण, पानफुटी असे उपाय आले. आपल्याकडे तपासणी फुकट नसली तरी सल्ला असतो. मग एका ताईंनी दबक्या आवाजात शेजारणीला सांगितलं, पाऊस लागला की भाऊ रात्रभर बसून असतो. उत्तर आलं, “बाहेरचं काही बघितलंत का?” अहो, बाहेरचं कशाला! 2016 साली सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, जुलै 2021 मध्ये तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, साखर सुतारवाडीत घरं गाडली गेली, महाड पुरात बुडालं. एवढं सोसलेल्या मुलखात पावसानं झोप उडणाऱ्याला वेडा ठरवणं हाच खरा वेडेपणा आहे. पंचनामे घरांचे झाले, भांड्यांचे झाले. मनासाठी रकानाच नव्हता. देवाला कौल लावायचा तर खुशाल लावा, पण माणसाला डॉक्टरकडेही न्या. आणि शंका आली तर आडून नको, थेट विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा शुद्ध गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांची भीतीही नको, 2017 चा मानसिक आरोग्य कायदा जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार नव्हे, तणावग्रस्त मानतो. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा 14416 वर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही मिळते. नंबर आजच फोनमध्ये टाका.