जळगावचे ९६३ आणि पाठ्यपुस्तकाची कसोटी

१/ रेडिओ संचाच्या रचनेवरील पाठ्यपुस्तकाची थोरवी आकृत्यांच्या संख्येवरून ठरवणे भाबडेपणाचे आहे. खरी कसोटी खानदेशातच सापडते.

२/ आकाशवाणी जळगावची मध्यम लहरींवरील वारंवारता ९६३ किलोहर्ट्झ. आर्मस्ट्राँगने १९१८ साली मांडलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीचा, ४५५ किलोहर्ट्झ मध्यंतर वारंवारतेचा संच धुळ्यात हे केंद्र लावतो, तेव्हा त्याचा ऑसिलेटर सामान्यतः १४१८ वर चालतो.

३/ मात्र १८७३ वरील परका संकेतही १४१८ पासून नेमका ४५५ नेच दूर! म्हणून त्याला मिश्रणापूर्वीच, अँटेनाकडील मेळमंडलात अडवावे लागते.

४/ हे गणित टाळून केवळ मंडलाकृती छापणारे पुस्तक रचना शिकवत नाही, नक्कल शिकवते. जळगावच्या आवाजात परका आवाज मिसळला, तर त्याचा विद्यार्थी निरुत्तर होतो. असे पुस्तक कितीही जाडजूड असो, ते अपुरेच.