कोवळ्या कपाळी शिक्का नको

नाताळ समीप आला की ख्रिस्ती मंडळ्यांतून कुमार-तरुणांच्या मेळाव्यांना भरती येते. गीते बसविली जातात, गोठ्याचे देखावे उभे राहतात, आणि या लगबगीत वडीलधाऱ्यांच्या तोंडून सहज निघून जाते : हा मुलगा मोठा भाविक, तो मात्र उनाड. पंधरा वर्षांच्या जिवाची ईश्वराकडील वाटचाल अशी एका शब्दात मोजणे योग्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्यास आधार ख्रिस्ती परंपरेतीलच एका थोर युवकसेवकाचा आहे.

इटलीतील ट्युरिन शहरी ८ डिसेंबर १८४१ रोजी, मरियामातेच्या सणादिवशी, तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को उपासनेची वस्त्रे परिधान करीत होते. तेथे आलेल्या एका पोरक्या, निरक्षर मुलास उपासनेत साहाय्य करता येत नाही, एवढ्यावरून देवळाच्या सेवकाने त्याला मारून हाकलले. बॉस्कोंनी त्याला परत बोलाविले. हा माझा मित्र आहे, असे सेवकास सांगितले. वस्तुतः त्यांनी त्या मुलास प्रथमच पाहिले होते! मुलाला काय येत नाही याचा निवाडा न करता त्यांनी त्याला क्रुसाची खूण करावयास शिकविले. आपल्या युवककार्याचा आरंभ ते याच प्रसंगापासून मानीत.

पुढे त्यांच्या आश्रयगृहात दोन मुले आली. १८५४ साली आलेला डॉमिनिक साव्हियो विलक्षण भक्तिशील. संत होण्याच्या ध्यासाने तो अंथरुणात खडे घालून निजू लागला. कोणीही त्याची वाहवा केली असती. बॉस्कोंनी मात्र ती देहदंडना थांबविली. आनंदी राहा, अभ्यास व प्रार्थना नेमाने कर, सोबत्यांच्या उपयोगी पड, एवढेच व्रत दिले. दुसरा मायकेल मागोने, १८५७ साली रेल्वे स्थानकावर भेटलेला पोरांच्या टोळीचा म्होरक्या. त्याला त्यांनी आधी मनमुराद खेळू दिले. काही दिवसांनी तो आपोआप खिन्न झाला, तेव्हा त्यांनी जवळ घेऊन त्याचे मन मोकळे केले. दोघेही अल्पायुषी ठरले. दोघांचीही चरित्रे बॉस्कोंनी लिहिली. एकाला ‘साधू’ म्हणून मखरात बसविले नाही, दुसऱ्याला ‘वाया गेलेला’ म्हणून टाकले नाही.

आमच्या मते मर्म येथेच आहे. वाईट शिक्का मुलाला खचवितो, हे सर्वांस पटते. परंतु चांगला शिक्काही त्याला बांधून टाकतो. ‘भाविक’ म्हणून नावाजलेला मुलगा मनातील शंका कोणापाशी बोलणार? लौकिक सांभाळता सांभाळता तो ढोंग शिकतो. आणि शिक्का मारणाऱ्याचेही नुकसान होते. एकदा नाव ठेवले की त्याचे पाहणे संपते.

मग शिस्तीचे काय, असे कोणी विचारील. शिक्का न मारणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. बॉस्कोंनी १८७७ साली आपली शिक्षणपद्धती विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन आधारांवर मांडली. चूक घडल्यावर दंड करण्यापेक्षा, ती घडू नये म्हणून वडिलांनी मुलांत वावरावे, हा तिचा गाभा. चुकीला चूक अवश्य म्हणावे. मुलाला चूक म्हणू नये.

मुंबईत माटुंग्याला त्यांच्या नावाची शाळा आहे, आणि तेथे हिंदू घरांतील मुलेही शिकत आली आहेत. आपल्याकडेही अधिकारभेद मानला आहे. पण अधिकार म्हणजे साधकाची आजची पायरी, जन्माची मोहोर नव्हे. देवघरात हात जोडणारा मुलगा आणि अंगणातून हाक मारूनही न येणारा मुलगा, दोघेही वाटेवरच आहेत. त्यांना नाव देण्यापेक्षा सोबत द्यावी, हेच आमचे सर्व घरांना सांगणे आहे.