रक्तातला आकडा आणि रुग्णाचा थकवा

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावरच हल्ला चढवते. जगभरात सुमारे २८ लाख लोकांना हा आजार आहे. चेतातंतूंना इजा झाली की त्यांच्या सांगाड्यातील ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ हे प्रथिन रक्तात झिरपते. पूर्वी ते मोजायला पाठीतून पाणी काढावे लागे. आता अतिसंवेदनशील चाचणीमुळे रक्ताचा नमुना पुरतो. आजार उसळला आहे का, औषध लागू पडते आहे का, याचा अंदाज त्यावरून येतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एएलएस या वेगळ्या चेताविकारावरील टोफर्सेनला जलद मंजुरी देताना याच प्रथिनातील घट ग्राह्य धरली.

मात्र हा आकडा वयानुसार वाढतो, डोक्याला मार लागला तरी चढतो. शिवाय तो सांगतो ती मुख्यतः नवी मोडतोड. जुन्या व्रणांमुळे येणारा थकवा, नैराश्य किंवा विसराळूपणा त्यात नीट उमटत नाही. अनेकांना नोकरी सोडावी लागते ती याच न दिसणाऱ्या त्रासापायी. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे रुग्ण ठणठणीत, असे मानणे चूक ठरेल. रक्त तपासतानाच ‘दिवस कसा जातो?’ हे विचारून त्याची नोंद ठेवणे, हाही उपचाराचाच भाग हवा.