मान काजू फेणीचा

घरच्या बारमध्ये मानाची जागा स्कॉचला देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. मी ती गोव्याच्या काजू फेणीला देईन. पिकलेली बोंडं तुडवायची, रस आंबवायचा, भट्टीवर गाळायचा: ही हुर्राक. तिच्यात आंबवलेला रस घालून पुन्हा गाळली की फेणी. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळूनही तिला अजून स्वस्तातली दारू समजतात, याचं खरंच वाईट वाटतं. चांगली फेणी ओतताच बोंडांचा उग्र, गोडसर वास खोलीभर पसरतो; लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिंबू सोडा, बस्स. शेजारी कुंकळ्ळीची पॉल जॉन सिंगल माल्ट ठेवा. गोव्याच्या उकाड्यात पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा लवकर मुरते, पण उडूनही जास्त जाते. तिच्यात कोला नको, दोन थेंब पाणी पुरे.