किती पडले?
गोंदियाच्या राइस मिलमध्ये धान भरडले की तूस वेगळे, तांदूळ वेगळा. व्यवस्थापन-प्रवेशाच्या सराव-परीक्षेचे कामही तेच, असे मी मानतो. राज्याच्या 2025 च्या सीईटीत 200 प्रश्न आणि 150 मिनिटे होती. म्हणजे प्रश्नास 45 सेकंद! चुकीला दंड नव्हता, तेव्हा प्रश्न कोरा सोडण्यात तोटाच. ‘कॅट’मध्ये मात्र पर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुण जातो, तेथे आंधळा नेम महागात पडतो. एकीचा सराव दुसरीला पुरत नाही तो यामुळे. आईबापहो, मुलगी पेपर सोडवून उठली की “किती पडले?” असे विचारू नका. न येऊन चुकले, घाईत चुकले, की वेळच संपला, एवढे तिच्याजवळ बसून पाहा. गुण दाखविण्याच्या भीतीने मुले सोपेच पेपर निवडतात, आणि तूस तांदळातच राहते!