पडदा काळा पडला तेव्हा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांसाठी एक जुना कॉम्प्युटर आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. नव्या मशीनला पैसे नव्हते, म्हणून आम्ही त्यावर उबुंटू 22.04 हे फुकट मिळणारे लिनक्स चढवले. सगळे सुरळीत चालले. पण पोरांना ॲनिमेशन शिकायचे होते आणि पडद्यावरचा चेंडू अडखळत उड्या मारायचा. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे, जीटी 730. लिनक्ससोबत येणारा ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर असली जुनी कार्डे कमी वेगातच चालवतो. तेव्हा कंपनीचा ड्रायव्हर बसवायचे ठरले.

इथे आमचीच घाई नडली. मोठा आकडा म्हणजे चांगला, असे समजून आम्ही 535 क्रमांकाचा ड्रायव्हर बसवला. मशीन पुन्हा चालू केले तर पडदा काळा! दहावीची पोरे तोंडाकडे बघत बसलेली. एक दुकानदार म्हणाला, “कार्ड गेलं, नवीन टाका.”

कार्ड गेले नव्हते. कंट्रोल, आल्ट आणि एफ3 एकदम दाबल्यावर नुसत्या अक्षरांचा पडदा आला. तिथे नाव आणि पासवर्ड देऊन तो ड्रायव्हर काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केले, आणि नूवो परत आला.

मग जे आधी करायचे ते केले. टर्मिनलमध्ये एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, जोडून टाकली की कार्डाची खरी जात कळते. जीटी 730 हे एकच नाव, पण आत दोन वेगळ्या चिप निघतात! ‘जीएफ108’ दिसली तर ड्रायव्हर 390 च्या मालिकेपुढे जात नाही. तिची देखभाल 2022 मध्येच थांबली, त्यांनी नूवोच ठेवावा. ‘जीके208’ असेल तर शेवटची मालिका 470. आमचे दुसरे निघाले. कंपनीने 470 कडेही 2024 नंतर पाठ फिरवली, म्हणून फक्त वाचन आणि व्हिडिओ एवढेच काम असेल तर आम्ही हा खटाटोप करू नका असेच सांगू.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2012 मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात या कंपनीला जे सुनावले, ते कुटुंबाच्या पानावर छापण्याजोगे नाही. 2022 मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, पण तो 2018 पासूनच्या पिढ्यांसाठी. जुनी कार्डे वापरणाऱ्यांच्या पदरात काही नाही.

470 आम्ही ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’च्या यादीतून निवडला. यादीतून घेतला की कर्नल बदलल्यावर जुळवणी बहुधा आपोआप होते. मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू असल्याने बसवताना एक पासवर्ड मागितला. पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, दहा सेकंदांत कळ दाबून ‘एनरोल एमओके’ निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. पहिल्या वेळी आम्ही चहा प्यायला गेलो होतो, ती संधी हुकली. दुसऱ्यांदा सगळी पोरे पडद्यासमोर उभी होती. चेंडू आता न अडखळता उड्या मारतो.